पूल, हौद आणि पाकोळ्या

मंडळी, फार दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी दोघा-तिघांनी विचारलं, "काय रे, ब्लॉग बंद केलास का?" खानापूरच्या मामाने तर फोनवर सरळ सुनावलं, की तुझ्यापेक्षा आमचा पोस्टमन नियमित आहे. बंद नाही केला, मामा. पण गेल्या उन्हाळ्यात घरात एक प्रकार झाला, आणि त्यानंतर जे वाचत सुटलो त्याला कुठे शेवट सापडेना. आता निदान निम्मं तरी लिहून टाकतो.

तर आधी हौदाबद्दल. आम्ही ऑस्टिनच्या उत्तरेला हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. आम्हाला तो नको होता, पण घराबरोबर आला. इथे त्याला 'पूल' म्हणतात. आईला हा शब्द मान्य नाही. पूल म्हणजे ज्याखालून नदी वाहते तो. ज्यात पाणी साठवतात तो हौद. म्हणून आमच्या घरात हौद. लेकही आता शाळेत मैत्रिणींना 'हौद' म्हणते नि त्या बिचाऱ्या तसंच म्हणतात.

उन्हाळ्यात रात्री साडेआठ-पावणेनऊला उजेड मावळला, की हौदावर पाकोळ्या येतात. आईच्या माहेरी, खानापूरकडे, वडाला उलटं लटकतं ते मोठं वटवाघूळ आणि वळचणीतून भुर्रकन निघते ती छोटी पाकोळी, असा सरळ हिशोब आहे. ('वाघूळ' हा शब्द संस्कृतातल्या 'वल्गुली'वरून आला, वाघाचा काही संबंध नाही. ही माहिती मी लेकीला दिली तेव्हा ती चांगलीच हिरमुसली.) पाकोळी हौदाच्या एका टोकाकडून खाली झेपावते, तोंड उघडं ठेवून पाण्याला एक निसटता ओरखडा काढते आणि दुसऱ्या टोकाकडून वर निघून जाते. पाणी पिण्याची त्यांची रीतच ती. काठावर बसून पिणं त्यांना जमत नाही. बायकोला हे सगळं पहिल्यापासून नकोसं. वटवाघूळ केसांत अडकतं असं तिला लहानपणी कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळे ती संध्याकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून पंप बंद करायला जायची. मी हसायचो. पुढे जे झालं त्यानंतर हसायचा अधिकार माझा मला राहिला नाही.

जुलैचा शेवट होता. आई आलेली. जेवणं झाली होती, ती हौदाजवळच्या खुर्चीत बसून बडीशेप चघळत होती आणि आठ वर्षांची आमची लेक जाळीच्या दांड्याने पाण्यावरची पानं काढत होती. मी आत भांडी लावत होतो. तेवढ्यात आवाज आला, "बाबा, हे थरथरतंय!" बाहेर येऊन बघतो, तर हिच्या ओंजळीत ओलं, तपकिरी, अंगठ्याएवढं काहीतरी. पाणी खेचून घेणारं ते भिंतीतलं तोंड असतं ना, स्किमर, त्याच्या झडपेशी ते अडकलं होतं. जाळीत येईना म्हणून हिने हाताने उचललं. आई म्हणत होती, "अगं ठेव खाली, ठेव." मी काय केलं? टॉवेलने झडप घालून ते तिच्या हातातून काढलं आणि कुंपणापलीकडच्या ओकच्या बुंध्याकडे भिरकावून दिलं. नंतर तिचे हात साबणाने धुतले. काही चावल्याची खूण नव्हती. "चावलं का?" "नाही... माहीत नाही... टोचलं थोडं, नखं असतील." झालं, झोपलो.

सकाळी बायकोने डॉक्टरांकडे फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वटवाघूळ कुठे आहे?" मी ओकखाली अर्धा तास शोधलं. नव्हतं. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, ते डबीत बंद करून ठेवलं असतंत तर प्रयोगशाळेत तपासता आलं असतं, रेबीज नसल्याचं कळलं असतं आणि मुलीला काहीच द्यावं लागलं नसतं. वटवाघळाचे दात सुईसारखे बारीक. चावल्याची खूण दिसेलच असं नाही. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र या रोगावर जवळजवळ कोणाचाच इलाज चालत नाही. म्हणून आता सगळं द्यायचं: आज वजनाच्या हिशोबाने तयार प्रतिपिंडांची इंजेक्शनं आणि लस, मग तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा लस.

आई एवढंच म्हणाली, "चौदा? पोटात?"

तिचा धाकटा भाऊ (नाही मामा, तुम्ही नव्हे, तुमच्यानंतरचा) लहानपणी पिसाळलेल्या कुत्र्याने चावला होता. रोज सरकारी दवाखान्यात जायचं, रोज बेंबीभोवती जागा बदलून सुई. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने ही चौदा इंजेक्शनांची धमकी ऐकलेली आहे, गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारताना तर हमखास. ती लस म्हणजे डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली. मेंढ्यांच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, कार्बोलिक आम्लाने मारायचा आणि तो मेंदूचा गाळ माणसाला टोचायचा. स्वस्त होती, देशात बनत होती, लाखोंचे जीव तिने वाचवले. पण क्वचित कोणाला तिच्यामुळेच लकवा व्हायचा, कारण शेवटी ते मेंदूचंच ऊतक. प्रगत देशांनी ती कधीच सोडली होती. भारतात ती बनवणं २००४ च्या अखेरीस थांबलं. म्हणजे आईची भीती काही फार जुन्या काळातली नव्हे.

लेकीला सुया दंडात आणि मांडीत दिल्या. रडली नाही. रडलो मी, गाडीत बसून, एकटाच. (बायको हे वाचणार आहे, पण तिला बहुतेक माहीत आहे.) ते चौदा दिवस मला झोप येत नव्हती आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी वटवाघळांवर मिळेल ते वाचत होतो. सुरुवात रागातून झाली, हे कबूल करतो. हे प्राणी माझ्या अंगणातून कायमचे कसे घालवायचे, हेच मी शोधत होतो.

पहिल्यांदा हे कळलं, की वटवाघूळ आणि रेबीज ही जोडी अमेरिकेत तशी अलीकडची. दक्षिण अमेरिकेतली रक्तपिपासू जात रेबीज पसरवते हे आधीच माहीत होतं. पण किडे खाणाऱ्या साध्या वटवाघळांत तो आहे हे इथे १९५३ मध्ये लक्षात आलं. फ्लॉरिडात टँपाजवळच्या एका गुरंपालकाच्या लहान मुलावर भर दिवसा वटवाघूळ झेपावलं. घरच्यांनी रक्तपिपासू वटवाघळांबद्दल ऐकलेलं होतं, म्हणून त्यांनी ते मेलेलं पाखरू फेकून न देता तपासायचा आग्रह धरला. त्यात रेबीज निघाला. मुलगा वाचला. हे वाचून मी दिवा मालवला आणि बराच वेळ तसाच पडून राहिलो. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या घराला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. आणि त्यानंतर अमेरिकेत शहरोशहरी वटवाघूळ म्हणजे रेबीज, असं समीकरण झालं. खरं तर रानातल्या वटवाघळांपैकी शेकडा एकालासुद्धा तो नसतो. पण जमिनीवर पडलेलं, पाण्यात सापडलेलं, हाताला लागणारं जे असतं त्यात आजारी असण्याची शक्यता जास्त, कारण धडधाकट वटवाघूळ सहसा माणसाच्या हाती लागत नाही.

मग पुढचा प्रश्न आला. अंधारात डास टिपणारा हा प्राणी माझ्या हौदात पडतोच कसा?

हे शोधताना थेट इटलीत जाऊन पोचलो. १७९३ साली पाविया विद्यापीठात लाझ्झारो स्पालान्झानी नावाचे एक पाद्री-शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एक घुबड होतं. मेणबत्ती विझली की घुबड भिंतींवर आपटायचं, पण वटवाघूळ तशाच काळोखात दोऱ्यांच्या जाळ्यातून सफाईने उडायचं. त्यांनी वटवाघळांचे डोळे काढले. (हे लिहितानाही कसंसं होतं.) तरी ती उडत राहिली. अशी आंधळी केलेली वटवाघळं त्यांनी सोडून दिली आणि काही दिवसांनी चर्चच्या घंटाघरातून पुन्हा पकडून त्यांची पोटं फाडून पाहिली. डोळस वटवाघळांइतकीच किड्यांनी भरलेली! पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या लुई ज्युरीन या शल्यवैद्याने त्यांचे कान बुजवले, तर ती धडाधड आपटू लागली. म्हणजे वटवाघूळ कानाने बघतं. पण ज्या प्राण्याचा आवाजच ऐकू येत नाही तो कानाने काय बघणार? फ्रान्सचे थोर शरीररचनातज्ज्ञ क्युव्हिए म्हणाले, छे, हा स्पर्शाचा प्रकार आहे, पंखांच्या कातडीला हवा कळते. क्युव्हिए म्हणाले म्हणजे विषय संपला. सव्वाशे-दीडशे वर्षं संपलेलाच राहिला. मोठ्या माणसाने न तपासता दिलेलं मत किती काळ पुरतं बघा.

तो पुन्हा उघडला हार्वर्डमधल्या डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने. तिथल्या पीयर्स नावाच्या भौतिकीच्या प्राध्यापकांनी, माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज पकडणारं यंत्र बनवलं होतं. १९३८ मध्ये ग्रिफिन पिंजराभर वटवाघळं घेऊन त्या यंत्रासमोर गेला आणि मुकी समजली गेलेली ती जनावरं अक्षरशः कल्ला करत असल्याचं निघालं. पुढे रॉबर्ट गॅलांबोसबरोबर त्याने ते पक्कं सिद्ध केलं आणि १९४४ मध्ये त्या प्रकाराला 'एकोलोकेशन' हे नाव दिलं. आवाज काढायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून जग चाचपडायचं.

माझ्या हौदाचं उत्तर मात्र २०१० पर्यंत थांबलेलं होतं. जर्मनीतल्या श्टेफान ग्राइफ आणि ब्यर्न झीमर्स या दोघांनी एक साधा प्रयोग केला. खोलीत जमिनीवर गुळगुळीत पत्रा, प्लॅस्टिक, लाकडाची फळी ठेवली. वटवाघळं त्यावर पाणी प्यायला झेपावली, एकदा नाही, पुन:पुन्हा. ज्या पिल्लांनी आयुष्यात तळं-नदी पाहिलेली नव्हती तीसुद्धा. कारण त्यांच्या कानाला जगात सपाट, आडवी, गुळगुळीत अशी एकच गोष्ट आजवर भेटलेली: पाणी. स्थिर पाणी आरशासारखं आवाज पुढे परतवून देतं, आणि ही ओळख ती जन्मतःच घेऊन येतात. माझा हौद म्हणजे त्यांच्या दृष्टीने तळंच. तळ्याला उतरता काठ असतो, हौदाला टाइल लावलेली उभी भिंत असते, एवढाच फरक. तो त्यांना कोणी सांगितलेला नाही.

आमच्याकडे सापडलेलं ते कोण होतं तेही कळलं. लेकीने त्याचं चित्र काढलं होतं आणि शेपूट उंदरासारखी मोकळी दाखवली होती. म्हणजे मेक्सिकन फ्री-टेल, मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ. याचे पंख लांब आणि अरुंद; वेग प्रचंड, पण विमानासारखी लांब मोकळी धावपट्टी लागते. लहानशा हौदावर गणित चुकलं की पाण्यात. पंखांनी वल्हवत पोहतं, पण पाण्यातून उड्डाण जमत नाही, भिंतीवर नखं रुतत नाहीत, आणि पंपाची ओढ स्किमरकडे नेते. त्यांची पिल्लं जूनमध्ये जन्मतात आणि साधारण पाच आठवड्यांनी उडू लागतात. जुलैअखेर म्हणजे नुकतंच उडायला लागलेलं पोर असणार.

इथे माझा राग थोडा थोडा पातळ व्हायला लागला होता, पण तो पूर्ण गेला तो डॉ. कॅम्पबेलमुळे.

ऑस्टिनहून दीड तासावर सॅन अँटोनिओ. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स कॅम्पबेल नावाचे डॉक्टर होते. हिवतापाने हैराण गाव. हिवताप डासांमुळे होतो हे तेव्हा नवंच ज्ञान. आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने ते १८९७ मध्ये शोधलेलं. कॅम्पबेलना वाटलं, डास मारायला माणूस कशाला, वटवाघळांना घरं बांधून द्या. त्यांनी लाकडी खोकी टांगली. एकही वटवाघूळ फिरकेना. वर्षानुवर्षं पदरचे पैसे गेले, लोक हसले. मग ते गुहांत जाऊन त्यांना नक्की काय आवडतं ते बघत बसले आणि १९११ मध्ये मिचेल लेक या, गावाचं सांडपाणी जिथे सोडत त्या तळ्याकाठी, एक उंच लाकडी मनोरा उभारला. आत तिरप्या फळ्या, खाली विष्ठा गोळा करायची सोय, कारण ती उत्तम खत म्हणून विकली जाई. जवळच्या एका शिकारी झोपडीतली वटवाघळं मनोऱ्यात यावीत म्हणून या गृहस्थांनी त्यांना बँडच्या तबकड्या लावून ऐकवल्या. त्यांना पितळी बँड सोसत नाही, असा त्यांचा दावा. (आमच्या गल्लीत गणपती विसर्जनाच्या दिवशी वळचणीतल्या पाकोळ्या कुठे जात असतील, हा प्रश्न मला लगेच पडला.) मनोरा भरला! त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आसपासचा हिवतापही हटला. १९१४ मध्ये सॅन अँटोनिओने वटवाघूळ मारायला बंदी घातली, १९१७ मध्ये टेक्सस राज्याने. १९२५ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच वटवाघळं, डास आणि डॉलर तिन्ही आहेत.

आणि आता गंमत ऐका. मूळ कल्पना बऱ्याच अंशी चूक होती. १९२६ मध्ये ट्रेसी स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञाने तपासणी करून वटवाघळं आणि डास या हिशोबावर मोठी शंका घेतली. मोकळ्या शेपटीची ही जात मुख्यतः पतंग खाते. फ्लॉरिडात शुगरलोफ की या बेटावर रिक्टर पर्की नावाच्या माणसाने १९२९ मध्ये कॅम्पबेलांच्या आराखड्याबरहुकूम मनोरा बांधला, त्यात वटवाघळं राहिलीच नाहीत. रिकामा मनोरा २०१७ च्या इर्मा वादळात कोसळेपर्यंत उभा होता. पण टेक्ससमधल्या कम्फर्ट गावाजवळचा १९१८ चा मनोरा अजून आहे. आम्ही ऑक्टोबरमध्ये मुद्दाम जाऊन रस्त्यावरून बघून आलो. देवळाच्या दीपमाळेसारखा काहीतरी दिसेल असं मला वाटलं होतं; प्रत्यक्षात पवनचक्कीचे पंख काढून घेतल्यासारखं ते दिसतं. मला या डॉक्टरांबद्दल फार माया वाटते. कारण चुकीचं, पण त्या काळात वटवाघळाला माणसाच्या बाजूचा समजणारा दुसरा कोण होता?

आणि पतंगांचा हिशोब काही कमी नाही. ही वटवाघळं ज्या पतंगांवर ताव मारतात त्यांत मक्याची कणसं आणि कापसाची बोंडं पोखरणाऱ्या अळीचे पतंग असतात, म्हणजे विदर्भातल्या हिरव्या बोंडअळीची सख्खी बहीण. २००६ च्या एका अभ्यासात दक्षिण टेक्ससच्या आठ काउंट्यांमधल्या कापसाला या वटवाघळांमुळे वर्षाला साधारण ७ लाख ४० हजार डॉलरचा फायदा होतो असा अंदाज निघाला.

दुसऱ्या महायुद्धातली कथा तर सांगायचीही लाज वाटते. पेनसिल्व्हानियातले लायटल अ‍ॅडम्स नावाचे दंतवैद्य डिसेंबर १९४१ मध्ये कार्ल्सबॅडच्या गुहा बघून परतत होते, तेवढ्यात पर्ल हार्बरची बातमी आली. त्यांना सुचलं, की वटवाघळांच्या अंगाला चिमुकले आगीचे बॉम्ब बांधून ती जपानी शहरांवर सोडावीत. ती लाकडी घरांच्या वळचणीत शिरतील नि आगी लागतील. हा माणूस वेडा नाही, अशा शेऱ्यानिशी रूझवेल्ट यांच्याकडून कागद पुढे गेला. नेपाम बनवणाऱ्या लुई फीझर यांनी बॉम्ब बनवले, टेक्ससच्या गुहांतून हजारो वटवाघळं पकडली, आणि त्या कामाला पाठिंबा देणाऱ्यांत आपला डोनाल्ड ग्रिफिनही होता, कल्ला ऐकणारा तोच. मे १९४३ मध्ये चाचणीच्या वेळी काही वटवाघळं निसटली आणि कार्ल्सबॅडजवळचा लष्कराचा स्वतःचाच नवा विमानतळ जळाला. १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला. कोणी याला विनोद म्हणून सांगतात. वळचणीतल्या पाकोळ्यांखाली झोपलेली घरं मला माहीत आहेत, मला हसू येत नाही.

राहिला पूल. खराखुरा, नदीवरचा. ऑस्टिनच्या काँग्रेस अ‍ॅव्हेन्यूवरचा १९१० चा पूल १९८० मध्ये नव्याने बांधला. काँक्रीटच्या तुळयांमध्ये इंजिनिअरांनी पाऊण ते दीड इंच रुंद आणि सोळा इंच खोल फटी सोडल्या. त्यांच्या डोक्यात उन्हाने फुगणारं काँक्रीट होतं. वटवाघळांना ती आयती बाळंतिणीची खोली वाटली. काही वर्षांत लाखोंनी आली. उन्हाळ्याच्या भरात आकडा पंधरा लाखांपर्यंत सांगतात, म्हणजे तेव्हाच्या ऑस्टिनच्या माणसांहून कितीतरी जास्त. शहराची गाळण उडाली. रेबीजच्या बातम्या छापून आल्या, वटवाघळं मारून टाका म्हणून अर्ज झाले. अशा वेळी १९८६ मध्ये मर्लिन टटल हे शास्त्रज्ञ, त्यांनी चारच वर्षांपूर्वी मिल्वॉकीत स्थापलेली 'बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल' ही संस्था उचलून ऑस्टिनला आणून बसले. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं: हात लावू नका, बाकी ती तुमच्या वाटेला जात नाहीत. शाळांत गेले, अधिकाऱ्यांना भेटले, फोटो दाखवले. दहा वर्षांत चित्र पालटलं. १९९६ मध्ये शहराच्या आइस हॉकी संघाचं नावच 'आइस बॅट्स' ठेवलं गेलं. आता मार्च ते नोव्हेंबर दर संध्याकाळी लोक चटया टाकून पुलावर बसतात, खाली तळ्यात बोटी थांबतात, आणि अंधारताना पुलाखालून धुरासारखी रांग निघते. त्यांना मारणं किंवा विकणं आजही टेक्ससच्या कायद्याला मंजूर नाही.

"हात लावू नका." म्हणजे मला डॉक्टरांनी जे सांगितलं तेच वाक्य. शहराला ते १९८६ पासून माहीत आहे, पुलाजवळच्या पाटीवर लिहिलेलं आहे, त्या पाटीखाली आम्ही चार वेळा आइसक्रीम खाल्लेलं आहे. लेकीला ते वाक्य मी सांगितलं नव्हतं.

चौदाव्या दिवसाची सुई झाली त्या संध्याकाळी आईच म्हणाली, चला पुलावर जाऊ. बायको टॉवेल न गुंडाळता आली. रांग निघाली तेव्हा आई दोन-तीन मिनिटं काही बोललीच नाही, आणि मग म्हणाली, "एवढ्या तर आमच्या बारापेड्याला पण नसतील." बारापेडे हे नाव माझ्या वाचनात दोनच दिवस आधी आलं होतं! तिच्या माहेराच्या तालुक्यातल्या त्या गुहांत रॉटन यांच्या नावाचं वटवाघूळ राहतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, त्यात ते मिळालं. १९१३ मध्ये लंडनच्या ओल्डफिल्ड थॉमस यांनी त्याचं वर्णन केलं आणि पाहणीमागचे वनाधिकारी रॉटन यांचं नाव त्याला दिलं. कितीतरी वर्षं ती जात जगात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे असं मानत. आता तो भाग २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. आणि तेही मोकळ्या शेपटीच्याच कुळातलं, आमच्या पुलाखालच्यांचं चुलत भावंड. आई कधी गुहेत गेलेली नाही, पण तिच्या वडिलांनी तिला नाव सांगितलेलं. "तिथे जाऊ नये म्हणायचे," ती म्हणाली. का, ते विचारायची तिच्या लहानपणी पद्धत नव्हती.

हौदाचं काय केलं ते सांगून थांबतो, कारण दोघांनी फोनवर विचारलं होतं. इथले शेतकरी गुरांच्या पाण्याच्या टाक्यांत बऱ्याच वर्षांपासून जाळीची उतरती पट्टी बसवतात. पाण्यात पडलेला प्राणी काठाकाठाने पोहत येतो आणि त्यावरून चढून जातो. तशी एक स्किमरजवळ आणि एक समोरच्या कोपऱ्यात लावली. पट्टी भिंतीला चिकटून हवी, मागे फट राहिली तर प्राणी तिच्या पाठीमागे जाऊन अडकतो. पहिल्यांदा माझी चुकली होती. हौदावर आडव्या ताणलेल्या दिव्यांच्या माळा काढल्या, म्हणजे त्यांची धावपट्टी मोकळी. पाण्यातला दिवा रात्री बंद, त्याने किडे जमतात. शेडमध्ये जाड हातमोजे आणि झाकणाचा डबा ठेवला आहे, त्यावर लेकीने मार्करने "फक्त बाबा" असं लिहिलंय. आणि रोज सकाळी पंप लावण्याआधी स्किमरचं झाकण उघडून बघायचं काम माझं.

या जूनपासून आजवर एक बेडूक, दोन सरडे आणि शेजाऱ्यांचा चेंडू निघाला. काल रात्री आईचा बेळगावहून फोन होता. तिथे सकाळ, इथे साडेआठ. तिने तब्येत वगैरे विचारायच्या आधी विचारलं, "हौदावर आल्या का रे?" मी फोन घेऊन बाहेर गेलो आणि कॅमेरा पाण्याकडे धरला. अंधारात तिला काही दिसलं नसणार, पण ती म्हणाली, "हं, दिसली एक."